परत जा म्हणणारा देव

देव भेटला की माणसाची वणवण संपते, असे आपण धरून चालतो. कीर्तनातली गोष्टही बहुधा तिथेच येऊन थांबते. भक्ताने टाहो फोडला, देव प्रकट झाला, बुक्का लागला, आरती झाली आणि मंडळी आपापल्या चपला शोधू लागली. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची गोष्ट मला लहानपणापासून जरा निराळी वाटत आली ती एवढ्यासाठी, की तिच्यात देव अगदी आरंभीच भेटतो. भक्त अजून मिसरूडही न फुटलेला पोर आहे. आणि भेटलेला देव त्याला जवळ ठेवून घेत नाही, घरी परत जा म्हणतो. वर काम सांगतो, तेही एका जन्मात उरकेल की नाही अशी शंका यावी एवढे. पुढचे सारे आयुष्य त्या सांगितलेल्या कामात गेले.

सोलापूरकरांना हे नाव नवे नाही. संक्रांतीच्या गड्ड्यावर वडिलांच्या खांद्यावर बसून ज्याने पाळणे पाहिले नाहीत असा माणूस या गावात विरळाच. पण जत्रा ओळखीची झाली की जत्रेमागचा माणूस हळूहळू अंधुक होत जातो. भाकणुकीत वासराने कशाला तोंड लावले, दारूकाम कसे झाले, काठी कुठे कलली, याची चर्चा घराघरांत होते. ज्याच्यासाठी हे सारे चालते तो मात्र देव्हाऱ्यातल्या टाकासारखा, रोज समोर असून न पाहिलेला.

ही बाराव्या शतकातली हकिकत. राघवांक या कानडी कवीने तेराव्या शतकाच्या आसपास त्यांचे काव्यमय चरित्र लिहिले. पुढे पंधराव्या शतकात शून्यसंपादने या ग्रंथात त्यांच्या आयुष्यातला एक मोठा प्रसंग रंगवला गेला. त्यांची स्वतःची कानडी वचने हजाराहून अधिक संख्येने आज उपलब्ध आहेत. आणि चौथे साधन म्हणजे आमच्या गावातल्या आज्या. त्यात इतिहास किती आणि पुराण किती, हे निवडत बसण्याचा माझा अधिकार नाही. जिथे परंपरा बोलते तिथे तसे सांगून पुढे जातो.

तेव्हा सोलापूर हे नावच नव्हते. सोळा गावांचे मिळून सोलापूर झाले, अशी व्युत्पत्ती आपण शाळेत ऐकली आहे. जुने नाव मात्र सोन्नलगी. बोली कानडी. राज्य आधी कल्याणीच्या चालुक्यांचे, मग कलचुरींचे. आपल्या जिल्ह्यातले मंगळवेढे हे या कलचुरींचे मूळ ठाणे, आणि बसवेश्वरांच्या उमेदीचा काही काळ मंगळवेढ्यातच गेला असे परंपरा मानते. आजच्या राज्यांच्या सीमा क्षणभर पुसून नकाशा पाहिला, म्हणजे सोन्नलगी, मंगळवेढे, कल्याण आणि श्रीशैल ही एकाच वाड्यातली चार दालने वाटू लागतात.

सोन्नलगीत मुद्दगौडा आणि सुग्गलादेवी हे शेतकरी जोडपे राहत होते. उतारवयात त्यांच्या पोटी मुलगा येईल आणि तो थोर योगी होईल, असे रेवणसिद्धांनी आधीच सांगून ठेवले होते, अशी कथा आहे. मूल झाले, वाढले; पण त्याचे चिन्ह काही योग्याचे दिसेना. बोलत नसे. खेळत नसे. कुणी हाक मारली तर बघत राही. गावाने त्याला खुळा ठरवून टाकले आणि घरच्यांनी गुरांमागे पाठवले. भविष्य ऐकून बसलेल्या त्या आईबापांचे या वर्षांत काय झाले असेल, याबद्दल पोथ्या फारसे बोलत नाहीत. पण ज्या घरात उशिरा बोलणारे मूल आहे त्या घरातल्या माणसांना ते सांगायला नको. सुग्गलादेवीने रोज त्याची शिदोरी बांधली असेल आणि रोज संध्याकाळी त्याच्या तोंडाकडे पाहिले असेल.

एके दिवशी रानात एक जंगम आला. पोराने त्याला हुरडा भाजून दिला. हे वाचताना सोलापूरकराला हसू येतेच; देवाला आमच्याकडे पाहुणा म्हणून यायचे तर हुरड्याच्याच दिवसांत येणार! जंगमाने आपण श्रीशैलचा मल्लय्या असे नाव सांगितले. हुरडा खाऊन पोटात आग पडली, आता काही थंड हवे, म्हणून त्याने दहीभात मागितला. कुणी ताक-आंबील मागितली असेही सांगतात. कधी न बोलणारे पोर धावत घरी गेले आणि आईकडे दहीभात मागू लागले. ते ऐकून आईला काय वाटले असेल! तिने भांडे भरून दिले. पोर परत धावले, तर जंगम नाही. झाडाखाली नाही, बांधावर नाही, ओढ्याकाठी नाही. मल्लय्या, मल्लय्या अशा हाका मारत ते रानभर फिरले. वाटेने श्रीशैलला निघालेले यात्रेकरू भेटले. मल्लय्या ना, तो आमच्या वाटेवरच आहे, चल, असे ते म्हणाले. आणि हे पोर, हातातल्या दहीभाताच्या भांड्यासह, त्यांच्यामागे चालू लागले.

श्रीशैल म्हणजे आजच्या आंध्र प्रदेशातला, नल्लमलाच्या डोंगरांतला, कृष्णेकाठचा मल्लिकार्जुन. बारा ज्योतिर्लिंगांतला एक. सोलापूरपासून सरळ रेषेत मोजले तरी साडेतीनशे किलोमीटर. आणि डोंगरातली वाट सरळ रेषेत कधीच जात नाही. तिथे पोचल्यावर यात्रेकरूंनी गाभाऱ्यातले लिंग दाखवले आणि हाच तुझा मल्लय्या असे सांगितले. पोराची समजूत पटेना. त्याने हुरडा खाल्लेला मल्लय्या पाहिला होता, बोलणारा, पोट दुखतेय म्हणणारा. हा दगड तो कसा असेल? लोक हसले. ते देवळातून बाहेर पडून डोंगरात हाका मारत सुटले. शेवटी एका तुटलेल्या कड्याशी पोचले. पुढे दरी. मल्लय्या भेटत नाही तर परत तरी कशाला जायचे, म्हणून त्याने पाय पुढे टाकला, आणि कुणीतरी हात धरला.

माझी आजी ही गोष्ट सांगताना नेमकी इथे थांबे. तिला पुढचे माहीत होते, आम्हालाही माहीत होते, तरी थांबे. चुलीतले लाकूड मागेपुढे करी, कुणाच्या अंगावरचे पांघरूण सारखे करी. आमच्या घरात मराठी, भिंतीपलीकडे कानडी आणि बोळ ओलांडला की तेलुगू, अशा वस्तीत ती वाढलेली. त्यामुळे तिचा मल्लय्या अर्धे कानडीत बोले. तो काय बोलला हे सांगताना मात्र ती अगदी सावकाश मराठी वापरी, जणू आम्हालाच ते काम सांगितले जात होते.

मल्लय्याने त्या पोराला सांगितले ते असे, की सोन्नलगीला परत जा. तिथे माझी स्थापना कर. ते गाव दुसरे श्रीशैल व्हावे. तलाव खोद, देवळे बांध, माणसांची सोय कर. मी तिथे तुझ्याजवळ आहे.

आता त्या पोराच्या जागी उभे राहून पाहा. घर सोडले, आईबाप सोडले, उन्हातान्हात डोंगर तुडवले ते देवाजवळ राहण्यासाठी. देव सापडला. आणि तो म्हणतो, ज्या गावाने तुला खुळा म्हटले त्याच गावात जा. जवळ पैसा नाही, माणसे नाहीत, वय नाही. खरे तर भांडायला पुरेपूर जागा होती. आपल्या पुराणांत भांडणारे भक्तही काही थोडेथोडके नाहीत. अर्जुनाने तर गांडीव खाली ठेवून अठरा अध्याय ऐकून घेतले. बायबलातल्या योनाला निनवे शहरी जा म्हणून सांगितले, तर तो उलट्या दिशेच्या जहाजात जाऊन बसला. सिद्धरामाने यातले काही केल्याची नोंद नाही. तो निघाला. आल्या वाटेने निघाला.

मला स्वतःला सिद्धरामेश्वरांच्या सगळ्या चमत्कारांत ही परतीची वाट सर्वांत मोठी वाटते. जाताना मागे ओढ होती. ओढीने माणूस कुठवरही चालतो. परत येताना फक्त सांगितलेला शब्द होता.

देव सांगतो ते ओळखायचे कसे, हा प्रश्न पुष्कळ सज्जन माणसांना छळतो. घरात दुखणे आले, नोकरी गेली, भावाभावांत कोर्ट सुरू झाले, की आपण देवाला विचारतो. आणि गंमत अशी की उत्तर बहुतेक वेळा आपल्याला हवे तेच मिळते! कौल आपल्याच मनातल्या बाजूला पडतो. आमच्या पेठेतले एक गृहस्थ गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते दर सोमवारी तलावाच्या कडेने देवळात जात आणि दरवाजा पुन्हा उघडू दे एवढेच मागत. वर्ष गेले. पुढे कधीतरी त्यांच्याकडे दुसऱ्या गिरणी कामगारांच्या घरची माणसे थकबाकीचे अर्ज लिहून घ्यायला येऊ लागली, कारण त्यांचे अक्षर चांगले होते. आधी त्रासिक चेहऱ्याने, मग रोजच्या वेळेवर बसून ते अर्ज लिहू लागले. दरवाजा काही उघडला नाही. सोमवारी देवळात मात्र ते जातच राहिले, आणि तुम्ही आता काय मागता असे मी एकदा विचारले तेव्हा ते नुसते हसले. मला त्यांच्याकडे पाहून सिद्धरामाची ती वाट आठवे. मागितले एक, सांगितले गेले दुसरेच, आणि त्या दुसऱ्याचे फळ स्वतःपेक्षा इतरांच्या पदरात पडणारे. खुणा शोधायच्याच असतील तर मी तरी याच दोन शोधेन.

सोन्नलगीला परतल्यावरची कहाणी घामाची आहे. त्या भागाच्या राजघराण्यातल्या चामलादेवीने जागा दिली असे परंपरा सांगते. तिथे मल्लिकार्जुनाची स्थापना झाली. सिद्धरामेश्वर आपल्या वचनांच्या शेवटी ज्या नावाने देवाला हाक मारतात ते नाव कपिलसिद्ध मल्लिकार्जुन. गावाभोवती त्यांनी ६८ लिंगे स्थापन केली. ६८ तीर्थांना जाण्याची ऐपत नसलेल्या माणसाला ती आपल्याच शिवेत भेटावीत, अशी त्यामागची समजूत. आजही यात्रेच्या पहिल्या दिवशी, बहुधा १२ जानेवारीला, नंदीध्वज त्या ६८ लिंगांच्या भेटीला निघतात आणि त्यांना तैलाभिषेक होतो. (याच तारखेला १९३१ साली मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे सोलापूरचे चार पुत्र येरवड्यात फासावर गेले. त्यामुळे इथे १२ जानेवारीला तेलाचा सुगंध आणि हुतात्म्यांचे स्मरण एकाच सकाळी येते.)

पण सगळ्यांत मोठे काम तलावाचे. सोलापूर हा अवर्षणाचा मुलूख. पश्चिमेच्या डोंगरांनी ढगांचे पाणी आधीच काढून घेतलेले. आमच्या वाट्याला वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहर लागली तर. १८७६-७७च्या दुष्काळाने हा जिल्हा होरपळला. इंग्रजांनी त्याच्या आधीच एकरुखचा, म्हणजे आपला हिप्परग्याचा, तलाव बांधला होता तो पाण्याच्या याच टंचाईमुळे. उजनी भरली तरी नळाकडे कान लावून झोपायची सवय सोलापूरच्या बायकांची वर्षानुवर्षांची. अशा गावात आठशेहून अधिक वर्षांपूर्वी एक योगी कुदळ घेऊन उभा राहतो आणि देवाची आज्ञा म्हणून पाणी साठवायला घेतो, याचा अर्थ पंप आणि टँकर पाहिलेल्या आपल्या पिढीला पुरता कळणे कठीण आहे.

तलाव खोदणे म्हणजे एक खड्डा करणे नव्हे. आधी पाणी कुठून उतरते ते दोन-तीन पावसाळे पाहायचे. मग वरची माती काढायची, खालचा मुरूम फोडायचा, निघालेली माती पाट्यांनी वाहून बांधावर टाकायची, तुडवून घट्ट करायची. नाहीतर पहिल्याच पुरात बांध फुटतो. उन्हाळ्यात जमीन लोखंडासारखी आणि पावसाळ्यात चिखल, त्यामुळे हाती राहतात ते मधले महिने. चार हजार शिवभक्त या कामावर होते असे परंपरा सांगते. आकडा बाजूला ठेवला तरी एवढ्या माणसांना रोज खायला घालायचे, त्यांची भांडणे मिटवायची, दुखणी पाहायची, हा व्याप कल्पनेत आणून पाहा. या साऱ्या श्रमाला शरण मंडळींचा शब्द कायक. काम हीच पूजा. कर्नाटकातला भोवी किंवा वड्डर समाज, म्हणजे पिढ्यानपिढ्या दगड फोडणारी, माती वाहणारी माणसे, सिद्धरामेश्वरांना आपला गुरू मानतात आणि जानेवारीत त्यांची जयंती करतात, त्याचे मूळ इथे आहे. योगी पुष्कळ झाले. पाटी उचलणारा योगी त्यांना आपला वाटला.

या दिवसांतलीच कुंभारकन्येची कथा. ती रोज पहाटे त्यांच्या अंगणात सडा-रांगोळी करी आणि तिने मनोमन त्यांना वरले. लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा सिद्धरामेश्वरांनी सांगितले, की माझे लग्न शिवाशी लागून गेले आहे. ती मागे हटेना. तेव्हा आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची परवानगी त्यांनी तिला दिली. आज जे उंच नंदीध्वज आपण पाहतो, ज्यांना गावात सरळ काठी म्हणतात, ते त्या योगदंडाचे प्रतीक. पांढऱ्या बाराबंद्या घातलेले भक्त कमरेच्या पट्ट्यात तोल साधून त्या काठ्या पेलतात. सात काठ्या, आणि त्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे. पहिला मान हिरेहब्बूंचा, शेवटचे दोन मातंग समाजाचे. संमती कट्ट्यावर अक्षता पडतात तेव्हा लाखभर हात एकदम वर होतात. तलावाच्या पाण्यावरही तांदूळ पडतात.

दुसऱ्या दिवशीच्या होमात बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून ती कुंभारकन्या म्हणून अग्नीला देतात. हा भाग पाहताना माझ्या पोटात नेहमी कालवते, ते इथे लपवत नाही. तिने मागितले ते तिला अर्धेच मिळाले. तरीही एक गोष्ट मला नोंदवावीशी वाटते. देवाची आज्ञा पाळणारी माणसे वाटेत आलेल्या दुसऱ्या माणसाला पुष्कळदा झिडकारून पुढे जातात, आणि त्याला वैराग्य म्हणतात. सिद्धरामेश्वरांनी आपला शब्दही मोडला नाही आणि एका कुंभाराच्या मुलीला गावासमोर हलकेही केले नाही. सगळे गाव आज तिच्या लग्नाला जाते. सुगडी पूजनाशिवाय ते लग्न लागत नाही.

आता त्यांच्या आयुष्यातली अवघड लढाई. तीच शून्यसंपादनेत आली आहे.

तलावाचे काम जोरात होते. सोन्नलगीचे नाव दूरवर गेले होते. पोरवयात मिळालेली आज्ञा अक्षरशः पुरी होत आली होती. अशा वेळी अल्लमप्रभू गावात आले. कामाच्या ठिकाणी येऊन त्यांनी, तुमचा तो वड्डर राम कुठे आहे, अशा अर्थाची चौकशी केली. आपल्या गुरूला मातीकाम करणारा म्हटल्याचे ऐकून माणसे खवळली. त्यांनी दगड उचलले. अल्लमांच्या भोवती दगडांची रास झाली, पण त्यांना एकही लागला नाही. सिद्धरामेश्वर धावत आले. त्यांचाही क्रोध आवरेना. त्यांच्या कपाळीचा तिसरा डोळा उघडला आणि आगीचा लोळ उठला, असे ग्रंथ सांगतो. अल्लम शांत उभे. ती आग त्यांनी पायाशी विझवली.

मग त्यांनी विचारले ते दगडांहून जड होते. एवढी माती उपसलीस, आत काय साचले आहे ते कधी उपसलेस का? तू बांधलेली देवळे मोजतोस की देवाला पाहतोस? ज्याने रागाने गाव जाळायला घेतले होते तो कोणाचे काम करत होता?

कुणीही गडबडून जावे असा हा प्रसंग. समजा, तुम्ही देवाच्या सांगण्यावरून आयुष्य एका कामाला दिले. वाळवंटात पाणी आणले. आणि एक फिरस्ता येऊन, तुमच्याच माणसांसमोर, हे सारे तुझ्या अहंकाराचे बांधकाम आहे असे म्हणतो. सिद्धरामेश्वरांजवळ उत्तर तयार होते. मला खुद्द मल्लिकार्जुनाने सांगितले आहे, तू कोण? हे एक वाक्य पुरे होते. देवाने सांगितले आहे ही ढाल पुढे धरली, की जगातला कोणताही प्रश्न आत येत नाही. धर्माच्या नावाने झालेली पुष्कळशी हानी याच ढालीआडून झालेली आहे.

त्यांनी ती ढाल धरली नाही. कड्यावर हात धरणारा आणि हा टोचून बोलणारा एकच असू शकतो, हे त्यांना उमगले. पहिल्या वेळी देव गोड बोलून आला होता, हुरडा मागत आला होता. या वेळी तो अपमान करत आला. ओळखणे या वेळी कितीतरी कठीण होते. माझ्या मते सिद्धरामाचा सिद्धरामेश्वर झाला तो श्रीशैलच्या कड्यावर नव्हे, या अर्धवट खोदलेल्या तलावाच्या काठावर, सगळ्या मजुरांच्या देखत.

अल्लमांबरोबर ते कल्याणला गेले. कल्याण म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. तिथे बसवेश्वर बिज्जळाच्या दरबारी मोठ्या अधिकारपदावर होते आणि त्यांच्याभोवती नावाडी, चांभार, परीट, शेतकरी, राजघराण्यातली माणसे आणि अक्कमहादेवीसारख्या स्त्रिया एका पंगतीला बसून परमार्थाची चर्चा करत होत्या. तिथेही सिद्धरामेश्वर लगेच मान तुकवून बसले नाहीत. गळ्यात इष्टलिंग बांधण्याची गरज काय, मी तर योगी आहे, असा त्यांचा वाद चालला. तो वाद प्रामाणिक होता, म्हणूनच तो ग्रंथात विस्ताराने आला. अखेर त्यांनी दीक्षा घेतली, आणि ती घेतली चेन्नबसवण्णांकडून. हे बसवेश्वरांचे भाचे, सगळ्या मंडळींत वयाने लहान. हजारो माणसांच्या कामाचा धनी एका तरुणापुढे शिष्य म्हणून बसला. अल्लमप्रभू आणि चेन्नबसवण्णा यांच्यानंतर अनुभवमंटपाच्या शून्यसिंहासनावर जो तिसरा पुरुष बसला तो हा सोन्नलगीचा एके काळचा गुराखी.

पण कल्याणचे दिवस भरत आले होते. पूर्वाश्रमीचे ब्राह्मण मधुवरस यांची मुलगी आणि चर्मकार हरळय्यांचा मुलगा यांचा विवाह शरणांनी घडवून आणला. सनातन्यांनी दरबारात तक्रार नेली. दोन्ही व्याह्यांना बिज्जळाने क्रूर शिक्षा देऊन मारले. ११६७च्या सुमारास खुद्द बिज्जळाचा खून झाला, आणि मग शरणांची कत्तल सुरू झाली. बसवेश्वर त्याआधीच कूडलसंगमाला गेले होते. चेन्नबसवण्णा आणि इतर मंडळी वचनांचे गठ्ठे घेऊन उळवीच्या जंगलाकडे निघाली. अल्लमप्रभू श्रीशैलच्या बाजूला गेले. माणसामाणसांत भेद न मानणारे ते गाव काही दिवसांत उजाड झाले.

आज्ञा पाळली की यश मिळते, असा हिशोब मांडणाऱ्यांनी कल्याणपाशी जरा थांबावे. एका पंगतीला बसलेल्या त्या सगळ्यांनी आपापल्या परीने देवाचा शब्द पाळला होता. त्यांतल्या कितीतरी जणांच्या वाट्याला तलवार आली.

सिद्धरामेश्वरांना या वेळी पुढचा रस्ता कुणी दाखवला, याबद्दल कथेत कड्यावरच्यासारखा प्रसंग नाही. हात धरणारा कुणी प्रकट झाला नाही. अल्लम ज्या दिशेला गेले तिकडेच लहानपणी ज्याच्यासाठी जीव द्यायला निघाले होते तो मल्लय्या होता; तिकडे जाऊन उरलेले दिवस डोंगरात काढले असते तर कोणी नाव ठेवले नसते. आता काम झाले होते. आता तरी देवाजवळ राहायला हरकत नव्हती.

त्यांनी सोन्नलगीची वाट धरली. पहिल्याने दिलेला हुकूम अजून कुणी मागे घेतला नव्हता.

कल्याणहून सोलापूर तसे जवळ. वाटेत ज्वारीची राने, मध्येमध्ये कोरडे ओढे, आणि शेवटी किल्ल्याविना, गिरण्यांविना, घंटाघराविना असलेले ते छोटे गाव. तलावात पाणी होते. उरलेली वर्षे त्यांनी तिथेच काढली आणि तिथेच योगसमाधी घेतली. आज देवळाच्या आवारात ती समाधी आहे. भोवती पाणी आहे, पलीकडे नंतरच्या काळातल्या किल्ल्याचे बुरूज त्या पाण्यात उलटे दिसतात. संध्याकाळी सहकुटुंब येणारी माणसे मुलांना माशांना लाह्या टाकायला देतात. अलीकडच्या वर्षांत तलावातले मासे मरून तरंगल्याच्या बातम्या वरचेवर येतात. गणपती, निर्माल्य, सांडपाणी, सगळेच त्यात जाते. मग गाळ काढण्याची निवेदने निघतात, पाहणी होते, थोडे काम होते, थांबते. मागे एका रविवारी सकाळी पंधरा-वीस तरुण पोरे काठावरचा कचरा घमेल्यांनी भरत होती. त्यांतल्या एकाला मी विचारले, की तुम्हाला हे कोणी सांगितले. त्याने घमेले खाली न ठेवताच देवळाच्या कळसाकडे नुसती मान केली आणि पुढच्याच्या हातात पाटी दिली.